नऊची उपासना

त्या चर्चमध्ये रविवारी दोन उपासना व्हायच्या, एक सकाळी सातला आणि दुसरी दहाला. सातला यायची ती कामाची माणसं. दवाखान्यातल्या नर्सा, बेकरीतले भट्टीवाले, रविवारीही सुटका नसलेले पहारेकरी. गीतं मोजकी, उपदेश आटोपशीर, आणि आशीर्वाद मिळाला की जो तो आपल्या वाटेनं पसार. दहाची उपासना म्हणजे खरी मंडळी. तिला गायनवृंद असायचा, इस्त्रीचे कपडे असायचे, पोरांची रडारड असायची, आणि संपल्यावर अंगणात तासभर गप्पांचा फड जमायचा.

धाकटी सातला यायची. खरं तर ती ज्या पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची, त्याला रविवारी कुलूप असे. तिला दहाला यायला कुणी अडवलं नव्हतं. पण दहाला थोरली यायची, आणि थोरली जिथं असेल तिथं आपण पाऊल टाकायचं नाही, असं धाकटीनं कधीच ठरवून टाकलं होतं. दोघी सख्ख्या बहिणी. साठी उलटली, केस पिकले, तरी गावाला ती धाकटीच आणि ही थोरलीच.

घंटा वाजवणारे काका तिशीपासून त्याच दोरीला लटकलेले. ते म्हणायचे, "देवाच्या घरी दोन पाळ्या चालतात. मी मधला फाटकवाला. एक गाडी बाहेर गेली की दुसरी आत सोडायची, टक्कर होऊ द्यायची नाही." लोक हसायचे. धाकटी मात्र बाजूच्या दारानं निघून जायची.

भांडण आईच्या मातीवरून झालं होतं. धाकटी तेव्हा नवऱ्याबरोबर दूरच्या शहरात राहत होती. आईची सगळी उस्तवार थोरलीच करत होती. न्हाऊमाखू घालणं, भरवणं, रात्रीची उठबस, सगळं तिच्याच अंगावर. धाकटी वर्षातून एकदा यायची, आईच्या पायाशी बसून रडायची आणि परत जायची. आई गेली त्या सकाळी थोरलीनं फोन केला. धाकटी म्हणाली, "निघालेच मी. ताई, सगळ्यांना सांग, माझ्यासाठी थांबा." वाटेत बस बंद पडली. ती पोचली तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते आणि कबरस्तानातून माणसं परत निघाली होती. तिनं पाहिली ती फक्त ओली माती. थोरली फाटकापाशी उभी होती. म्हणाली, "पाळक थांबायला तयार नव्हते."

तेवढ्यावरही निभावलं असतं. पण दोन दिवसांनी जुन्या पाळकांच्या बायकोनं सांत्वन करता करता सांगून टाकलं, "अगं, हे तर म्हणत होते की उद्या सकाळी ठेवू, पोरीला तोंड तरी बघू दे. तुझी बहीणच नको म्हणाली."

धाकटी तशीच उठून थोरलीकडे गेली. थोरली कपडे वाळत घालत होती. तिनं नाकारलं नाही. ओला टॉवेल हातात पिळत म्हणाली, "हो, मीच नको म्हटलं. इतकी वर्षं तू आईला थांबवलंस. अजून एक रात्र कशाला थांबवायची?"

त्यावर धाकटी काय बोलली ते तिला स्वतःलाही नंतर आठवेना. एवढं खरं, की त्या दिवसापासून बोलणं तुटलं. पुढे धाकटीचा नवरा वारला. पोटी मूल नव्हतं, परक्या शहरात कुणासाठी राहायचं म्हणून ती याच गावात परत आली. लाकडी जिन्यावरची एक खोली घेतली, दुकानात काम धरलं. थोरलीच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पण हाक मारायची कुणी?

अशी दहा-बारा वर्षं गेली.

मग एका रविवारी सातच्या उपासनेत पाळकांनी जाहीर केलं, की पुढच्या महिन्यापासून दोन्ही उपासना एकत्र, सकाळी नऊ वाजता. या पाळकांना सगळे नवे पाळकच म्हणायचे. येऊन सहा वर्षं झाली होती, पण जुने पाळक इतकी वर्षं टिकले होते, की हे अजून नवेच. त्यांच्यावर आता आणखी दोन गावांच्या मंडळ्या सोपवल्या होत्या, आणि एका माणसानं रविवारी किती ठिकाणी उभं राहायचं?

उपासना संपल्यावर धाकटी पहिल्यांदाच बाजूच्या दारानं गेली नाही. ती पाळकांसमोर जाऊन उभी राहिली.

"पाळकसाहेब, सातची बंद करू नका."

"काकू, आज मोजून नऊ माणसं होती. त्यातल्या दोघांना झोप लागली होती."

"झोपू देत. रात्रपाळी करून येतात बिचारे. यायचं सोडत नाहीत, हे काय कमी आहे?"

"खरंय तुमचं. पण दहालाही पुढची बाकं रिकामीच असतात. एकत्र बसलो तर निदान मंडळी असल्यासारखं वाटेल." पाळकांनी जरा घुटमळून आवाज उतरवला. "आणि काकू, तुमच्या ताईंबद्दलही मला तुमच्याशी बोलायचं होतं. गेले काही महिने त्यांना—"

"त्यांचं नाव काढू नका," धाकटी म्हणाली. "वेळ बदलता येत नसेल तर राहू द्या. मी घरी प्रार्थना करीन. देव काही घड्याळ बांधून बसलेला नाही."

आणि ती निघाली ती थेट घरी.

बोलणं सोपं होतं. नऊच्या पहिल्या रविवारी ती खोलीत खुर्ची ओढून बसली, डोळे मिटले, आणि खाली कुणीतरी बादली आपटली. पुन्हा मिटले, तर दूध उतू जाऊ नये म्हणून उठावं लागलं. गीत म्हणायला सुरुवात केली तर आवाज भिंतीवर आपटून परत तिच्याच कानात आला. चर्चमध्ये तिचा आवाज कधी तिला एकटीला ऐकू आला नव्हता. इतका म्हातारा झालाय, हे तिला ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या रविवारी तिनं प्रार्थनेचा नाद सोडून शिलाईचं मशीन उघडलं, पण सुई नीट ओवता येईना. तिला खोलीत जेवढं एकटं वाटलं, तेवढं नवरा गेला त्या आठवड्यातही वाटलं नव्हतं.

बुधवारी घंटावाले काका दुकानात आले. हातात चर्चचा जुना पडदा, शिवण उसवलेली.

"हा घे. तुझ्याशिवाय कुणाच्या हातात नीट होत नाही." तिनं पडदा काचेच्या टेबलावर पसरला. काका तिच्याकडे बघत राहिले. "उपाशी माणसासारखी दिसतेस."

"डब्यात पोळी आहे, खाईन."

"त्या उपासाचं नाही म्हणत मी." काका जायला वळले, मग दारात थांबून म्हणाले, "ती विचारते हो तुला. दर रविवारी विचारते."

"कोण?"

"कोण म्हणजे? जिच्यामुळे मी इतकी वर्षं फाटक सांभाळलं, ती."

काका गेले. धाकटीच्या हातातली कात्री तशीच राहिली. इतक्या वर्षांत थोरलीनं तिचं नाव काढल्याचं कुणी कधी सांगितलं नव्हतं. तिनं मनाला बजावलं, की विचारू दे, आपल्याला काय. पण शनिवारी संध्याकाळी तिनं ठेवणीतले कपडे काढले, इस्त्री केली, आणि आरशासमोर उभी राहून एकदोन वाक्यंही जुळवून ठेवली. ताई, तू विचारलंस म्हणून आले. नको, असं नको. ताई, कशी आहेस? हेच बरं.

रविवारी ती मुद्दाम जरा उशिरा निघाली. आत शिरली तेव्हा सगळे बसले होते. सातवाले मागे दाटीवाटीनं, दहावाले आपापल्या ठरलेल्या बाकांवर. थोरली डावीकडच्या दुसऱ्या बाकावर होती. पाठमोरी का होईना, पण धाकटीनं मान लगेच ओळखली. किती वाळली होती ती मान. शेजारी थोरलीची सून, आणि दोघींच्या मध्ये एका माणसापुरती जागा रिकामी. धाकटी मागच्या भिंतीपाशी बसली. उपासना झाल्यावर पुढे जायचं, असं तिनं मनाशी ठरवलं.

पाळक उभे राहिले. पहिलं गीत सांगणार, तोच थोरली बाकाला धरून उठली.

"पाळकसाहेब, सुरू करू नका."

चर्चमध्ये कुणी हललं नाही. कुणी वळून पाहिलंही नाही. जणू सगळ्यांना हे ठाऊक होतं.

"माझी धाकटी बहीण यायचीय," थोरली म्हणाली. तिचा आवाज स्वच्छ, खणखणीत होता. "निघालीय ती. बस उशिरा असते त्या रस्त्याला. आईला तिनं बघितलं नाही अजून. थोडं थांबू या. आईची काही तक्रार नाही, मी विचारलंय तिला."

सुनेनं मान खाली घातली. पाळक शांतपणे म्हणाले, "थांबू या, काकू. गीत म्हणता म्हणता वाट बघू या. चालेल?"

"चालेल," थोरली म्हणाली, पण बसली नाही. दाराकडे बघत राहिली.

धाकटीला आपण कधी उठलो ते कळलं नाही. मधल्या वाटेनं ती पुढे जाऊ लागली, तशी एकेक मान वळली. पेटीवरच्या मुलीनं सूर धरला होता, तो तिनं सोडून दिला. धाकटी दुसऱ्या बाकापाशी पोचली. जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली.

"ताई," ती म्हणाली. "आले मी."

थोरलीनं तिच्याकडे पाहिलं. पांढरे केस, चष्मा, सुरकुतलेले हात, सगळं अगदी नीट, सावकाश पाहिलं. मग परक्या बाईशी हसावं तशी हसली.

"या, बाई. बसा ना. पण इथं नको हं, इथं माझी बहीण बसायचीय. तुम्ही त्या बाजूला बसा."

"ताई, मीच—"

"तिला दम लागलेला असेल. लहान आहे हो ती. बसची सवय नाही." थोरलीनं रिकाम्या जागेवर हात ठेवला. "तुम्ही राग मानू नका."

सून तोंडावर रुमाल धरून रडत होती. धाकटी फिरली, बाकाच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि सुनेच्या पलीकडे बसली. पाळकांनी गीत सांगितलं. सगळे म्हणू लागले.

अंगणात सुनेनं तिला कोपऱ्यात घेतलं. "मावशी, दीड वर्ष झालं. आधी किल्ल्या हरवायला लागल्या, मग माणसं. आता मला कधी नर्स म्हणतात, कधी आईच म्हणतात. एवढंच एक धरून ठेवलंय, की बहीण यायचीय, थांबा."

"मला सांगायचं नाहीस?"

"दोनदा आले होते दुकानात. तुम्ही मापं घेत होता. मला बघितलंत आणि पाठ फिरवून आतल्या खोलीत गेलात. मी बराच वेळ उभी होते."

धाकटीला ते आठवत होतं. अगदी स्वच्छ आठवत होतं. तिला वाटलं होतं, समेट करायला पाठवलीय हिला, आणि ती आत जाऊन कापडाच्या गठ्ठ्यावर बसून राहिली होती. तेव्हा थोरलीला अजून माणसं ओळखू येत असतील.

त्यानंतर धाकटीनं नऊची उपासना कधी चुकवली नाही. थोरली दर रविवारी उठून थांबा म्हणायची, पाळक दर रविवारी थांबू या म्हणायचे, आणि धाकटी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ऐकायची. तिनं पुन्हा दोनतीनदा सांगून पाहिलं. एकदा लहानपणच्या गोष्टी सांगितल्या, तर थोरली घाबरली. म्हणाली, "हे तुम्हाला कुणी सांगितलं? आमच्या घरातलं तुम्हाला कसं ठाऊक?" तेव्हापासून धाकटीनं सांगणं सोडलं. थोरलीसाठी ती शिवणकामवाली बाई झाली. थोरलीला या बाई आवडायच्या. अंगणातल्या बाकावर बसून ती बाईंचा हात धरायची आणि बहिणीच्या कागाळ्या सांगायची.

"हट्टी म्हणजे किती हट्टी! खेचर परवडलं. लहानपणी जेवायला बसली की पानातलं निम्मं माझ्या पानात ढकलायची, आणि आईला सांगायची, ताईनं वाढून घेतलं. मार कुणाला? मला."

"मग तुम्ही सांगायचं नाही आईला?"

"सांगितलं असतं तर तिला बसला असता ना मार." थोरली हसायची. "रडायला लागली की गल्ली गोळा करायची. ऐकवायचं नाही मला ते."

धाकटी घरी येऊन जिन्याच्या पायरीवर बसायची. वर जायला बळ नसायचं.

हिवाळ्यात थोरली न्हाणीघरात पडली आणि मग तिचं चर्चला येणं थांबलं. पाळक रविवारी दुपारी तिच्या घरी जाऊ लागले. सोबत धाकटी, घंटावाले काका, थोरलीचा मुलगा, सून. खाटेभोवती चारपाच खुर्च्या, खिडकीत औषधाच्या बाटल्या, एका ताटलीत भाकर आणि छोटा पेला. थोरलीला आता गिळायला त्रास व्हायचा. पाळक भाकरीचा कण द्राक्षरसात भिजवून तिच्या ओठाला लावायचे आणि ती डोळे मिटून बराच वेळ चघळत राहायची.

आता ती कुणाला थांबा म्हणत नसे. धाकटीला वाटलं, तेही विसरली. तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचं वाईटही वाटलं.

एका दुपारी पाळकांनी नेहमीसारखं विचारलं, "काकू, आज कशासाठी प्रार्थना करू या?"

थोरलीनं सगळ्यांकडे पाहिलं. मग धाकटीकडे बोट केलं. "या बाई करतील. बाई, माझ्या बहिणीसाठी करा ना. तिचा काही पत्ताच नाही."

मुलगा म्हणाला, "आई, पाळकसाहेब करतात—"

"नाही. या बाई." थोरलीनं हात पुढे केला. "यांचा आवाज मला बरा वाटतो."

धाकटीनं तो हात धरला. तो कागदासारखा हलका होता. तिनं डोळे मिटले. आयुष्यभर तिनं इतरांसाठी मोठ्यानं प्रार्थना केली होती, नवऱ्यासाठी, शेजाऱ्यांसाठी, दुकानाच्या मालकाच्या आजारी मुलासाठी. स्वतःसाठी कधी कुणासमोर केली नव्हती, आणि अशी तर कुणीच केली नसेल.

"प्रभू," ती म्हणाली, आणि थांबली. पुन्हा म्हणाली, "प्रभू, हिची एक धाकटी बहीण आहे. हट्टी आहे ती. तिला यायला फार उशीर झाला. बस बंद पडली ते खरं, पण नंतर बस बंद पडली नव्हती, प्रभू, नंतर ती चालत येऊ शकत होती. तिला क्षमा कर. हिनंही करावी. हिच्या मनातली तिची काळजी काढून घे. आमेन."

"आमेन," सगळे म्हणाले. घंटावाले काका नाक ओढत होते.

थोरलीनं डोळे उघडले. "छान करता हो प्रार्थना," ती म्हणाली. "आणि लांबवत नाही, ते बरं. आमची धाकटी सुरू झाली की चहा गार होतो."

पाळकांना हसू आवरलं नाही. धाकटीही हसली, आणि हसता हसता तिनं थोरलीचा तो हात कपाळाला लावला आणि तसाच धरून ठेवला. थोरलीनं तो काढून घेतला नाही. पण हाताचा स्पर्श ओळखीचा वाटला, असंही काही तिच्या चेहऱ्यावर उमटलं नाही. थोड्या वेळानं तिला झोप लागली.

ती गेली पुढच्याच आठवड्यात, भर सकाळी, सून केस विंचरत असताना. धाकटी तेव्हा दुकानात पडद्याला कड्या लावत होती. धावत गेली, पण तोवर सगळं संपलं होतं. शेवटपर्यंत थोरलीनं तिला ओळखलं नाही. लोक नंतर समजूत घालायला म्हणाले, की आतून ओळखत असेल हो, रक्ताचं नातं. धाकटी त्यांना हो म्हणायची. तिला माहीत होतं, की नव्हतं ओळखलं.

चर्चमधल्या बायका बुधवारी पाळीपाळीनं एकेकीच्या घरी प्रार्थनेला जमत. धाकटीच्या खोलीवर ती पाळी आजवर कधी आली नव्हती. जागा लहान आहे, जिना मोडका आहे, असं तीच सांगायची. मातीनंतरच्या दुसऱ्या बुधवारी सून म्हणाली, "मावशी, या वेळी तुमच्याकडे." धाकटीनं खालच्या बिऱ्हाडातून खुर्च्या मागून आणल्या. तरी पुरल्या नाहीत. बायका खाटेवर बसल्या, दोघी कापड कापायच्या फळीवर बसल्या, घंटावाले काका जिन्याच्या वरच्या पायरीवर दार उघडं ठेवून बसले. नवे पाळक शिलाईच्या मशीनला टेकून उभे. जिथं तिचा एकटीचा आवाज भिंतीवर आपटून परत आला होता, तिथं श्वास घ्यायला जागा उरली नाही.

पाळकांनी विचारलं, "काकू, तुम्ही सुरुवात करता?"

तिनं हो म्हणून मान हलवली. करायचं मनात होतं. पण ओठ उघडले आणि शब्द आला नाही. शेवटी जिन्यावरून काकांनीच प्रार्थना केली. लांबलचक, अडखळत, मध्येच कुणाच्या तरी गुडघेदुखीवर घसरलेली. बायका गालातल्या गालात हसल्या. मग चहा झाला, कपबशा विसळल्या गेल्या, आणि एकेक जण वाकून जिना उतरून गेला.

सून थांबली होती. "खुर्च्या मी नेते खाली," ती म्हणाली.

"नको. दोघी नेऊ."

धाकटीनं एक खुर्ची उचलली आणि उतरू लागली. निम्म्या जिन्यात तिचे पाय थांबले. तिथंच, खुर्ची भिंतीला टेकवून, ती पायरीवर बसली आणि रडू लागली. गल्ली गोळा होईल असं, मोठ्यानं. खालच्या बिऱ्हाडाचं दार उघडलं. सून खाली येऊन तिच्या मागच्या पायरीवर बसली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून राहिली. तिनं उगी म्हटलं नाही. खालच्या बाई दिवा लावायला बाहेर आल्या, त्यांनी वर पाहिलं, आणि खुर्च्यांची काही घाई नाही म्हणून परत आत गेल्या.